उसनी खिडकी

प्रोग्रामिंग भाषेला खिडकी ठाऊक नसते. आकडे, अक्षरे, याद्या, फाइल उघडणे-मिटणे एवढाच तिचा घरचा संसार. पडद्यावर चौकट काढणे, तिच्यात बटण बसवणे आणि त्या बटणावर माउसची टिचकी पडली हे ओळखणे ही कामे ऑपरेटिंग सिस्टीमच्या अखत्यारीत येतात, आणि प्रत्येक सिस्टीमची तऱ्हा निराळी. विंडोज ही कामे सी भाषेतल्या फंक्शनांमधून करून देते. मॅकओएसची कोको ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेत घडलेली आहे. लिनक्सवर जुनी एक्स विंडो सिस्टीम असो की नवी वेलँड, दोघींनाही ‘बटण’ हा प्रकारच माहीत नाही. त्या रिकामा आयत हाती देतात आणि कळ दाबली गेल्याची वर्दी देतात, बाकीचे ज्याचे त्याने रंगवावे. एकदा लिहिलेला प्रोग्राम या तिन्ही ठिकाणी चालायला हवा असेल तर मधे कोणीतरी लागतो. या मधल्याला ग्राफिकल टूलकिट म्हणतात.

टूलकिटची निवड बहुतेक वेळा रूपावरून होते. बटणांचे कोपरे गोल आहेत का, काळी थीम आहे का, नमुन्याचा प्रोग्राम किती ओळींत बसतो, एवढे पाहिले की निर्णय झाला. पण टूलकिट जवळजवळ नेहमी दुसऱ्याच भाषेत लिहिलेले असते. मेमरी कोणी मोकळी करायची, घटनांची वाट कोणी पाहायची, एक अक्षर म्हणजे नेमके काय, याच्या त्याच्या स्वतःच्या रीती असतात, आणि उसन्या खिडकीबरोबर त्याही घरात येतात. या रीतींचा घरच्या रीतींशी मेळ घालणारा जो थर लिहावा लागतो त्याला बाइंडिंग म्हणतात. टूलकिट किती टिकेल हे त्याच्या रूपापेक्षा या थरावर ठरते: तो किती जाड आहे, आणि तो दुरुस्त करत राहणे हे कोणाचे रोजचे काम आहे.

पायथॉनचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे, कारण या भाषेने जवळपास सगळे मार्ग चालून पाहिले. तिचे कर्ते ग्विडो व्हान रॉसम यांनी पायथॉनच्याही आधी, ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत असताना, एसटीडीविन नावाची छोटी लायब्ररी लिहिली होती. मॅक आणि एक्स दोन्हींवर एकाच पद्धतीने खिडकी उघडावी हा तिचा हेतू. सुरुवातीच्या पायथॉनमध्ये ती मोड्यूल म्हणून होतीही. म्हणजे या भाषेची पहिली खिडकी घरचीच होती. पण खिडकी ही एकदा बनवून ठेवण्याची वस्तू नाही. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की तिला पुन्हा हात लावावा लागतो, आणि भाषा घडवणाऱ्यांकडे तेवढा वेळ उरत नाही. पायथॉनने घरची खिडकी सोडून टीके उसने घेतले.

टीके हे जॉन ऑस्टरहाउट यांचे काम. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत त्यांनी १९८८ मध्ये टीसीएल ही छोटी स्क्रिप्ट भाषा केली, आणि तिच्या जोडीला केलेले टीके १९९१ मध्ये बाहेर आले. तेव्हा एक्सवर मोटिफ हे टूलकिट वापरून सी भाषेत एक बटण दाखवायला पानभर मजकूर लागे; टीकेत दोन-तीन ओळी पुरत. नव्वदीच्या मध्यावर ते विंडोज आणि मॅकवरही पोहोचले. स्टीन लुमहोल्ट आणि व्हान रॉसम यांनी पायथॉनसाठी लिहिलेला टीकिंटर हा थर मात्र पाहताक्षणी विचित्र वाटतो. तो टीके थेट वापरतच नाही. पायथॉनच्या पोटात अख्खा टीसीएल इंटरप्रिटर बसवलेला असतो. पायथॉनमध्ये बटणाचा मजकूर बदलला की थर त्याची टीसीएल भाषेतली आज्ञा तयार करतो आणि तो इंटरप्रिटर ती पाळतो. एक बटण हलवायला दोन भाषा राबतात. टीकिंटरचे विजेट, म्हणजे बटण किंवा लेबल असा खिडकीतला घटक, छापून पाहिले तर ठिपक्याने सुरू होणारे त्याचे टीसीएलमधले नाव आजही उघडे पडते.

पर्लने हा द्राविडी प्राणायाम टाळला. निक इंग-सिमन्स यांनी टीकेचे सी भाषेतले गाभ्याचे काम टीसीएलपासून वेगळे काढले आणि थेट पर्लला जोडले. कारागीर म्हणून पाहिले तर हेच अधिक देखणे. पण वेगळे काढलेले टीके म्हणजे वेगळे झालेले टीके. मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती आली की शस्त्रक्रिया पुन्हा करायची. पर्ल/टीके टीकेच्या ८.४ या आवृत्तीवर थांबले. २००७ च्या अखेरीस आलेल्या ८.५ मध्ये टीकेच्या जुनाट बटणांच्या जोडीला त्या-त्या सिस्टीमशी जुळणारी नवी विजेट आली. पायथॉनच्या ओबडधोबड थराने ती थोड्याच काळात उचलली, पर्लच्या सुबक थराला ती मिळाली नाहीत. थर जितका कमी शहाणा, तितका तो टिकाऊ, असे या दोन उदाहरणांवरून तरी म्हणावे लागते.

टूलकिटांची दोन घराणी आहेत. एक घराणे सिस्टीमचेच बटण मागून घेते आणि वर आपले नाव लावते. दुसरे रिकामा आयत घेऊन सगळे स्वतः रंगवते. दोन्हींचे गुणदोष जावाच्या इतिहासात एकामागोमाग एक दिसतात. १९९६ च्या जावाबरोबर आलेले एडब्ल्यूटी पहिल्या घराण्याचे. सगळ्या सिस्टीमांत जे समान असेल तेवढेच देता येत असल्यामुळे त्यात तक्ता नव्हता, झाडासारखी उलगडणारी यादी नव्हती. यावर उतारा म्हणून १९९८ च्या जावा १.२ मध्ये स्विंग आले. ते प्रत्येक बटण जावातच रंगवते. त्यामुळे हवे ते मिळाले, पण प्रोग्राम कुठल्याच संगणकावर घरचा वाटेना आणि त्या काळच्या यंत्रांवर तो रेंगाळत असे. मग आयबीएमने इक्लिप्ससाठी एसडब्ल्यूटी केले, म्हणजे पुन्हा सिस्टीमचीच बटणे, यावेळी अधिक नेटाने. तिथे जावाच्या मूळ वचनालाच धक्का बसला: मेमरीची काळजी भाषा घेईल असे सांगितलेल्या जावाकाराला प्रत्येक रंग, प्रत्येक फाँट स्वतः परत करावा लागे, कारण त्या वस्तू ऑपरेटिंग सिस्टीमच्या होत्या आणि जावाच्या कचरा गोळा करणाऱ्या यंत्रणेला त्यांचा पत्ता नव्हता. गंमत अशी की एवढी नावे ठेवली गेलेले स्विंग आजही जोरात आहे. इंटेलिजे आणि त्यावर उभा असलेला अँड्रॉइड स्टुडिओ ही रोज असंख्य प्रोग्रामरांच्या हाताखाली असणारी साधने स्विंगमध्येच आहेत. यंत्रे वेगवान झाली आणि डोळ्यांना परके रूप सवयीचे झाले. रूपाचा आक्षेप एवढाच टिकला.

भाषेच्या बाजूने पाहता या दोन घराण्यांपेक्षा महत्त्वाचा फरक आणखी एक आहे: टूलकिट सीमध्ये लिहिले आहे की सी प्लस प्लसमध्ये. सी ही संगणकविश्वाची बाजारभाषा आहे. तिची फंक्शने कशी बोलवायची हे प्रत्येक सिस्टीमवर ठरलेले असते आणि बहुतेक प्रत्येक भाषेला ते येते. सी प्लस प्लसमध्ये मात्र क्लास, वारसा, टेम्प्लेट असा पसारा येतो आणि फंक्शनांची नावेही कंपायलर आपल्या पद्धतीने वळवून ठेवतो. जीटीकेची सुरुवात बर्कलीतल्याच स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी जिम्प या चित्रे सुधारण्याच्या प्रोग्रामसाठी केली, आणि ती सीमध्ये. पुढे त्या प्रकल्पाने आणखी एक शहाणपण केले: लायब्ररीतली प्रत्येक वस्तू, तिची फंक्शने, कोणाची मेमरी कोणी मोकळी करायची, ही सगळी माहिती यंत्राला वाचता येईल अशा फाइलीत लायब्ररीबरोबरच दिली. पायथॉनचे पायजीऑब्जेक्ट ती फाइल वाचून चालते, त्यामुळे जीटीकेत नवे विजेट आले की बाइंडिंग कोणी हाताने लिहिण्याची वाट पाहावी लागत नाही. दुसरीकडे विंडोज आणि मॅकवर जीटीके पाहुण्यासारखेच राहते. बाइंडिंग सोपे आणि प्लॅटफॉर्म अवघड, असा हा सौदा.

क्यूटी या सौद्याच्या उलट टोकाला उभे आहे. नॉर्वेचे हॉवर्ड नूर्ड आणि आइरिक चांबे-एंग यांनी १९९१ मध्ये हाती घेतलेले, १९९५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले हे टूलकिट तिन्ही सिस्टीमांवर सारख्याच तयारीने वावरते. पण ते सी प्लस प्लसमध्ये आहे, आणि त्यातही सिग्नल आणि स्लॉट या कल्पनेसाठी त्याचा स्वतःचा पूर्व-कंपायलर आहे. ज्या भाषांना पायथॉनएवढा मोठा समाज नाही त्यांच्याकडे क्यूटीची अर्धवट सोडून दिलेली बाइंडिंगे सापडतात, ती यामुळे. पायथॉनला फिल थॉम्पसन यांचे पायक्यूटी मिळाले आणि ते उत्तम चालत होते. अडचण परवान्याची निघाली. क्यूटीचा परवाना आधीही वादाचा विषय होता. १९९६ मध्ये केडीई हा डेस्कटॉप क्यूटीवर सुरू झाला तेव्हा क्यूटी पुरेसे मुक्त नव्हते, आणि या एका कारणावरून १९९७ मध्ये ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप जीटीकेवर उभा राहिला. २००८ मध्ये नोकियाने क्यूटी विकत घेतले आणि पुढच्याच वर्षी ते एलजीपीएल या सैल परवान्याखाली आणले. पायक्यूटी मात्र जीपीएल हा कडक परवाना किंवा पैसे, या दोनच वाटांवर राहिले. तेव्हा नोकियाने २००९ मध्ये पायसाइड हे वेगळे बाइंडिंग काढले. नंतर नोकियाचाच रस्ता बदलला. क्यूटी ५ डिसेंबर २०१२ मध्ये आले; त्यासाठीचे अधिकृत पायसाइड यायला २०१८ उजाडले. मधल्या सहा वर्षांत टूलकिट ठणठणीत होते आणि त्याला पायथॉनशी जोडणारा एक पूल तेवढा कोसळलेला होता. डब्ल्यूएक्सपायथॉन या आणखी एका बाइंडिंगचीही तीच कथा: पायथॉन ३ आले २००८ मध्ये, त्यावर चालणारी डब्ल्यूएक्सपायथॉनची ४.० ही आवृत्ती आली २०१८ मध्ये. निवड करणाऱ्याने टूलकिटच्या संकेतस्थळाआधी बाइंडिंगच्या दुरुस्त्यांची वही चाळावी, ती यासाठी.

उसन्या रीती रोजच्या कामात कशा टोचतात याची दोन उदाहरणे पुरेत. टीकिंटरमध्ये चित्र दाखवताना नवशिक्याची फसगत ठरलेली असते. फंक्शनच्या आत चित्र तयार केले, लेबलावर लावले, फंक्शन संपले, आणि लेबल कोरे. पायथॉनच्या हिशेबी त्या चित्राला आता कोणी धरून ठेवलेले नाही, म्हणून ते पुसले गेले. टीके ते दाखवत आहे हे पायथॉनला कळत नाही. क्यूटीत याच्या उलट होते. तिथे पालक विजेट नष्ट झाले की त्याची मुले जातात, पण पायथॉनच्या हातात त्या मुलाची चिठ्ठी उरते आणि पुढच्या वेळी वापरताच वस्तू केव्हाच नष्ट झाल्याची चूक अंगावर येते.

दुसरे उदाहरण घटनांच्या चक्राचे. प्रत्येक टूलकिटला एक अखंड फिरणारे चक्र लागते आणि त्याला वाटते की प्रोग्रामची मालकी आपलीच. एकाच वेळी अनेक कामे सांभाळणाऱ्या पायथॉनच्या असिंकआयओ या मोड्यूलचेही असेच चक्र असते. दोन मालक एका घरात नांदवण्यासाठी आणखी एक थर लागतो. गो भाषेचा पेच तर मुळातलाच आहे. तिच्या गोरूटीन, म्हणजे एकाच वेळी चालणारी हलकी कामे, एका थ्रेडवरून दुसऱ्यावर मुक्तपणे हलतात, आणि मॅकओएस तर खिडकीची सगळी कामे मुख्य थ्रेडवरच झाली पाहिजेत असा हट्ट धरते. त्यामुळे गोच्या प्रोग्रामला सुरुवातीलाच आपली मुख्य गोरूटीन एका थ्रेडशी जखडून घ्यावी लागते. ज्या गुणासाठी भाषा घेतली तोच खिडकीच्या कामापुरता दारात काढून ठेवावा लागतो.

आतापर्यंतच्या कसोट्या कुठल्याही देशातल्या प्रोग्रामरला लागू आहेत. देवनागरीत काम करणाऱ्याची कसोटी अधिक कडक असते, आणि ती बाकीच्यांच्या आधी लावावी. ‘कि’ लिहिताना आधी क साठवला जातो आणि मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी आधी आली पाहिजे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत फरक र च्या रूपाचा: समुद्रातला र रफार होऊन डोक्यावर चढतो, डोंगरातल्या दऱ्यांचा र चंद्रकोरीसारखा य ला चिकटतो. साठवताना पहिल्यात साधा र असतो, दुसऱ्यात नुक्त्याचा, आणि दोन्हींच्या पुढे हलन्त. या खुणांपासून जोडाक्षर घडवणे हे फाँटमधले नियम वाचून करायचे काम आहे. हार्फबझ नावाची लायब्ररी ते करते. जीटीके, क्यूटी, क्रोमियम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस तिच्यावर विसंबून आहेत. विंडोज आणि मॅकओएस यांच्याकडे यासाठी घरच्याच यंत्रणा आहेत. टीके त्या दोन सिस्टीमांवर मजकूर सिस्टीमच्या हवाली करते, म्हणून तिथे मराठी नीट दिसते. लिनक्सवर मात्र टीकेच्या ८.६ या वर्षानुवर्षे चाललेल्या आवृत्तीत एकेका खुणेचे चित्र ओळीने मांडले जाते: वेलांटी अक्षराच्या मागे पडते, प्रत्येक जोडाक्षराचा पाय मोडलेला दिसतो. तोच प्रोग्राम, तीच ओळ, तोच फाँट. विंडोजवर शुद्ध आणि लिनक्सवर वाचवत नाही असा. ‘सगळीकडे चालते’ या दाव्यात ‘सगळ्या लिप्यांत चालते’ हे गृहीत नसते.

मोजणीचा घोळ याहून खोल आहे. ‘स्त्री’ हे वाचणाऱ्याला एक अक्षर. पायथॉनला त्यात ६ खुणा दिसतात. जीटीकेच्या सी भाषेतल्या अक्षरमालेत तेच १८ बाइट भरतात. बाणाची कळ दाबल्यावर कर्सरने या सहाही खुणा एका उडीत ओलांडायला हव्यात, पण मागे पुसताना एकेक खूण पुसली गेली तर लिहिणाऱ्याला सोयीचे पडते. मोडी लिपी आणखी एक भेद उघड करते. युनिकोडमध्ये ती २०१४ साली आली आणि तिला जागा मिळाली पहिल्या ६५,५३६ जागांच्या पलीकडे. पायथॉनला मोडीचे एक अक्षर म्हणजे १ खूण, क्यूटीला मात्र त्याच अक्षराचे २ तुकडे दिसतात. टीसीएल ८.६ ची मर्यादा नेमकी त्या जागांपाशी संपत असल्याने जुना टीकिंटर मोडीतला मजकूर सरळ नाकारत असे. २०२४ मध्ये आलेल्या टीसीएल ९.० ने ही मर्यादा काढली. नव्या टूलकिटांची प्रात्यक्षिके नेहमी इंग्रजीत असतात आणि झकास दिसतात. ‘दुसऱ्या स्त्रीची कैफियत’ एवढे तीन शब्द लिहून, कर्सर मागे-पुढे फिरवून, मधला शब्द पुसून पाहिला की दोन मिनिटांत बरेचसे समजते.

स्क्रीन रीडरची कसोटी याच जातीची आहे. सिस्टीमचे बटण वापरले तर अंध वापरणाऱ्याला त्याचे नाव आपोआप ऐकू येते. स्वतः रंगवलेले बटण ही स्क्रीन रीडरच्या लेखी नुसती रंगांची जुळवणी असते, जोवर टूलकिट विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिघांच्या तीन वेगळ्या यंत्रणांना त्याची ओळख करून देत नाही. क्यूटीने हे कष्ट घेतले आहेत. टीके ८.६ ने घेतलेले नाहीत. सरकारी किंवा शाळेच्या कामासाठी प्रोग्राम असेल तर एवढ्या एका मुद्द्यावर निर्णय व्हायला हरकत नसावी.

मजकूर आणि स्क्रीन रीडर या दोन्ही कसोट्यांत सर्वांत वर येते ते प्रोग्रामरांच्या टिंगलीचे लाडके लक्ष्य: ब्राउझर. २०१३ मध्ये गिटहबने ॲटम या संपादकासाठी सुरू केलेले इलेक्ट्रॉन प्रत्येक प्रोग्रामबरोबर क्रोमियम हा अख्खा ब्राउझर बांधून देते. घड्याळ दाखवणारा प्रोग्रामही शंभर मेगाबाइटच्या घरात जातो, आणि असे चार प्रोग्राम उघडले की संगणकात चार ब्राउझर चालू असतात. टॉरी हे रस्ट भाषेतले साधन त्यावर तोड म्हणून सिस्टीममध्ये असलेलाच ब्राउझर वापरते. मग तीन सिस्टीमांवर तीन वेगळे ब्राउझर, आणि टाळू पाहिलेला भेद मागच्या दाराने परत. टिंगल रास्त असली तरी ब्राउझरमागे जगातल्या सर्व लिप्यांवर पगारी माणसे राबतात, तेवढी कुठल्याच टूलकिटमागे राबत नाहीत. मराठी संपादक लिहिणाऱ्याने इलेक्ट्रॉन निवडले तर तो आळस नाही, हिशेब आहे.

उरतो भाषा घडवणाऱ्यांचा प्रश्न: मानक लायब्ररीत एखादे टूलकिट ठेवावे का? गो आणि रस्ट यांनी ठेवले नाही. रूबीने २०१६ च्या अखेरीस आलेल्या २.४ या आवृत्तीत टीके बाहेर काढले. जावाबरोबर मिळणारे जावाएफएक्स २०१८ च्या जावा ११ मध्ये वेगळे झाले. रॅकेट या भाषेने उलट दिशा धरली: सी प्लस प्लसमधला उसना थर टाकून २०११ च्या सुमारास आपली खिडकी रॅकेटमध्येच नव्याने लिहिली, जी थेट तिन्ही सिस्टीमांच्या सी पातळीवरच्या फंक्शनांशी बोलते. ते तिला परवडले, कारण तिचा स्वतःचा संपादक, डॉक्टररॅकेट, त्याच खिडकीवर जगतो. खिडकी मोडली तर तिच्या कर्त्यांचेच काम थांबते. पायथॉनमध्ये टीकिंटर टिकून आहे त्याचे कारणही याच्या जवळचे. आयडल हा सोबतचा संपादक आणि मुलांना शिकवायला वापरले जाणारे टर्टल हे मोड्यूल त्यावर उभे आहेत. २०२४ च्या पायथॉन ३.१३ मधून १९ जुनी मोड्यूल काढली गेली, टीकिंटर राहिला. मानक लायब्ररीत राहण्याची किंमत म्हणजे भाषेच्या चालीने चालणे. वेगाने बदलणारे टूलकिट तिथे गुदमरते, आणि टीके तिथे निभावले ते बऱ्याच अंशी त्याच्या संथपणामुळे.

तरीही ‘पायथॉनबरोबर येते’ हे विधान पूर्ण खरे नाही. मॅकवर ॲपलने दिलेले टीके ८.५ इतके दगा देई की पायथॉनच्या अधिकृत मॅक आवृत्तीने पुढे आपले टीके सोबत बांधून आणायला सुरुवात केली. डेबियन आणि उबुंटूवर टीकिंटर वेगळ्या पॅकेजात असतो, कारण ज्या सर्व्हरला पडदाच नाही त्याच्यावर टीके आणि एक्सच्या लायब्ऱ्या लादण्यात अर्थ नसतो. तिथे ताज्या पायथॉनमध्ये टीकिंटर आयात केला की असे मोड्यूलच नाही, हे उत्तर येते.